चीर नक्की कुणाची?

परवा आमच्या दंतवैद्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने फोटो टाकला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालचा, काळा-पांढरा. दाताच्या मुळाचं कापलेलं टोक, मधोमध अल्ट्रासॉनिकने, म्हणजे कंप पावणाऱ्या बारीक टोकाने, कोरलेला खड्डा आणि त्या खड्ड्याच्या कडेपासून मुळाच्या बाहेरच्या काठापर्यंत गेलेली वेडीवाकडी चीर. खाली एकच ओळ, ‘म्हणूनच मी अजून बरच वापरतो.’ बर म्हणजे दात कोरायचं जुनं, गरगर फिरणारं टोक. पाच मिनिटांत त्यावर अंगठ्यांची रांग लागली.

मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते वाढतच गेलं. ग्रुपवर एवढं लांबलचक कुणी वाचत नाही. मध्येच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो आणि विषय तिथेच संपतो. म्हणून इथे लिहिते. मी सांगलीत फक्त मुळांचं काम करते, म्हणजे रूट कॅनल, आधीचं बिघडलेलं रूट कॅनल पुन्हा करणं, आणि तेही जमत नसेल तेव्हा मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया. तारा, कवळ्या, इम्प्लांट माझ्याकडे नाहीत. फोटोतला खड्डा कोरणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे मत असणं भागच आहे. ते मत असं : फोटो खरा आहे, चीरही खरी आहे, पण खाली लिहिलेलं वाक्य त्या फोटोतून निघत नाही.

दंतवैद्य नसलेल्या वाचकांसाठी थोडं मागे जाते. बाकीच्यांनी पुढचं थोडं गाळलं तरी चालेल.

रूट कॅनल म्हणजे दाताच्या आतली कुजलेली नस काढून, पोकळी साफ करून ती गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद करणं, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. पण मुळाच्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये ही पोकळी, म्हणजे कॅनल, सरळ एका रेषेत राहत नाही. त्याला बारीक फाटे फुटतात, आडव्या वाटा निघतात. जिवाणू तिथे लपून राहिले की वरून कितीही नीट काम झालेलं असलं तरी टोकाशी हाड विरघळत राहतं, एक्स-रेत काळा गोल दिसतो आणि हिरडीवर अधूनमधून पुळी येते. अशा वेळी पहिला पर्याय वरूनच पुन्हा रूट कॅनल करण्याचा. तो मार्ग बंद असेल तर हिरडी उचलायची, हाडाला खिडकी पाडायची, मुळाचं टोक सुमारे ३ मिलिमीटर छाटायचं, उरलेल्या मुळाच्या तोंडाशी कॅनलच्या दिशेने ३ मिलिमीटर खोल खड्डा करायचा आणि त्यात एमटीएसारखं सिमेंट भरून मागचं दार बंद करायचं. तीनच मिलिमीटर का, तर टोकाकडचे जवळजवळ सगळे फाटे तेवढ्यात निघून जातात. किम आणि क्रॅचमन यांनी २००६ साली दिलेले आकडे आहेत : ३ मिलिमीटर कापलं की टोकाचे ९८ टक्के फाटे आणि ९३ टक्के आडव्या वाटा जातात.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले होते. वरचा पुढचा दात, बऱ्याच वर्षांपूर्वी केलेलं रूट कॅनल, आत पोस्ट, म्हणजे मुळात बसवलेला जाडजूड धातूचा खिळा, त्यावर कॅप. हिरडीवर पुळी. पोस्ट उपसून काढायला गेलं तर मूळच उभं तडकण्याची भीती, म्हणून शस्त्रक्रिया ठरली. त्यांची एकच अट होती, “मॅडम, ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आलीया. एका खेपेत काय ती करून टाका.” भूल स्थानिक असते, पेशंट जागा असतो. टोक कापून झालं आणि मी अल्ट्रासॉनिक सुरू केलं तसे त्यांचे डोळे ताणले गेले. नंतर चूळ भरताना त्यांनी विचारलं, “त्या किरकिर करणाऱ्या सुईनं दात फुटत न्हाई न्हवं?”

ग्रुपवरच्या फोटोचा प्रश्न हाच, फक्त यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागला नाही. त्यांना मी म्हटलं, “काका, फुटू नये म्हणूनच तर ती वापरते.” हे उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. पूर्ण उत्तर खुर्चीपाशी उभं राहून देण्यासारखं नाही.

आधी बर वापरून हे काम कसं व्हायचं ते बघू. गोल बर लावलेला हँडपीस हाडाच्या खिडकीत मुळाच्या अक्षाला धरून घालायचा तर जागाच पुरत नाही. हँडपीसचं डोकं आडवं येतं. त्यावर तोडगा म्हणून मूळ ४५ अंशांत, आपल्याकडे तोंड करून तिरकं कापायचे, म्हणजे कॅनल समोर दिसतो आणि बर पोचतो. पण तिरकं कापलं की टाळूकडची बाजू पुरेशी कापली जात नाही आणि तिथला दुसरा कॅनल हातून निसटतो. डेंटिन म्हणजे दाताचा मुख्य कठीण भाग, त्यातल्या सूक्ष्म नळ्या जास्त संख्येने उघड्या पडतात, त्यातून गळती होते. शिवाय बर कॅनलच्या रेषेत जात नाही, तिरका घुसतो आणि टाळूकडच्या भिंतीला भोक पाडण्याची शक्यता कायम. हाडाची खिडकीही मोठी, साधारण १० मिलिमीटरची. खड्डा मात्र उथळ, बशीसारखा पसरट. अमाल्गम, म्हणजे पाऱ्याचं जुनं चांदीसारखं मिश्रण, त्यात भरायचं आणि ते टिकेल अशी आशा करायची.

अल्ट्रासॉनिकचा प्रयोग तसा जुना. रिचमनने १९५७ सालीच या कामासाठी ते वापरून बघितलं होतं. पण खरा फरक पडला १९९०च्या सुमारास, जेव्हा सॅन दिएगोच्या गॅरी कारने या कामासाठीच वाकवलेली बारीक टोकं आणली. टोक इतकं लहान की ४ मिलिमीटरच्या खिडकीतून आत जातं, आणि पुढचा भाग ३ मिलिमीटर लांब, म्हणजे खोली वेगळी मोजायलाच नको. मूळ आता जवळजवळ आडवं कापता येतं, फार तर १० अंश तिरकं. खड्डा कॅनलच्या रेषेत, दोन्ही भिंती समांतर. शिवाय वरच्या पहिल्या दाढेचं पुढचं मूळ किंवा खालच्या दाढेचं पुढचं मूळ यांत दोन कॅनलना जोडणारी जी चिंचोळी फट असते, आम्ही तिला इस्थमस म्हणतो, ती बरने साफ करणं जवळपास अशक्य होतं. अल्ट्रासॉनिकने ती करता येते. माझ्या मते अल्ट्रासॉनिकचा सगळ्यात मोठा फायदा हाच. बाकी सोयी आहेत.

आता ती ‘सुई’ कापते कशी ते बघायला हवं, कारण चिरेची गोष्ट तिथूनच सुरू होते. आमच्याकडची बहुतेक यंत्रं पिझोइलेक्ट्रिक. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज तयार होते हे प्येर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवलं. आम्ही उलटं करतो, वीज देऊन स्फटिक हलवतो. तो सेकंदाला साधारण २५ ते ४० हजार वेळा आकुंचन-प्रसरण पावतो आणि टोक तितक्याच वेळा पुढेमागे आपटतं. माणसाचा कान २० हजारांच्या पुढचं ऐकत नाही. पेशंटला ऐकू येते ती किरकिर टोक डेंटिनवर घासल्याची आणि पाणी फवारल्याची, आणि ती हाडातून थेट कानात जाते म्हणून भयंकर वाटते.

म्हणजे बर फिरून खरवडतो आणि अल्ट्रासॉनिक ठोकतं. प्रत्येक ठोका मायक्रॉनमध्ये मोजावा इतका लहान, पण ठोकाच. डेंटिन जिवंत दातात ओलसर आणि थोडं लवचीक असतं. वाळलं की ठिसूळ होतं. मुळाची भिंत पातळ असेल आणि ठोके जोरात बसले तर तिथे चीर पडू शकते, हे तर्काला धरूनच आहे. यात मी कुणाशी भांडत नाही.

नवीन मुलं इथे एक गोष्ट हमखास उलटी करतात. काम हळू होतंय असं वाटलं की टोक दाबतात. वाजणारी घंटा मुठीत धरली की नाद मरतो, तसं दाबलेल्या टोकाचं कंपन मरतं. कापणं आणखी मंदावतं, सगळी शक्ती घर्षणात आणि उष्णतेत जाते. मग ती यंत्राचा आकडा वाढवतात. आता मोठ्या कंपनाचं टोक पातळ भिंतीवर रेटलेलं, आणि पाण्याची धार बहुतेक वेळा दुसरीकडेच. उष्णतेचंही सांगून ठेवते. स्वीडनच्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्ट्सन यांनी १९८३ साली सशांवरच्या प्रयोगात दाखवलं की हाड ४७ अंश सेल्सियसला एक मिनिट राहिलं तरी त्याला इजा होते. ४७ अंश म्हणजे काय, आंघोळीचं जरा कढत पाणी! त्यामुळे पाणी बंद पडलं की माझा पाय पेडलवरून उचलला गेलाच पाहिजे. असिस्टंटला सक्शनपेक्षा पाण्याकडे जास्त लक्ष द्यायला सांगितलेलं आहे, यावरून आमचे खटकेही उडतात, कारण पाणी जास्त झालं की मला दिसत नाही आणि मी तिलाच ओरडते.

आता चिरांच्या अभ्यासांकडे. कारची टोकं बाजारात आली आणि दोन-चार वर्षांतच इशारे यायला लागले. १९९५ साली आबेदी आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या दातांवर तुलना केली, अल्ट्रासॉनिकने केलेल्या खड्ड्यांत बरपेक्षा जास्त चिरा. भिंत जितकी पातळ तितकी चिरेची शक्यता अधिक. १९९६ साली लेटन आणि सहकाऱ्यांनी त्याहून नेटकं काम केलं. त्यांनी आधी नुसतं मूळ कापून चिरा बघितल्या, मग अल्ट्रासॉनिक वापरून पुन्हा बघितल्या, यंत्र खालच्या आणि वरच्या सेटिंगला ठेवून. नुसतं कापल्यावरही काही मुळांवर चिरा होत्या, अल्ट्रासॉनिकनंतर त्या वाढल्या आणि वरच्या सेटिंगला जास्त. ‘यंत्र खालच्या आकड्यावर ठेवा’ हे जे आज प्रत्येक कॉलेजात सांगतात त्यामागे हा अभ्यास आहे. पण पुढच्याच वर्षी बेलिंग आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला आणि त्यांना नुसत्या कापलेल्या आणि अल्ट्रासॉनिक वापरलेल्या मुळांमध्ये लक्षणीय फरक सापडला नाही.

म्हणजे दोन-तीन वर्षांच्या अवधीत, जवळपास त्याच पद्धतीने, उलटसुलट उत्तरं. असं झालं की मला नमुन्याबद्दल शंका येते. दात कुठून आले, काढून किती दिवस झाले होते, कशात ठेवले होते, बघितले कसे?

ही शंका मला पुस्तकातून आलेली नाही. एमडीएसच्या थिसिससाठी मी अशाच काढलेल्या दातांवर काम केलं. दात यायचे ओरल सर्जरीच्या ओपीडीतून. तिथल्या रेसिडेंटना चहा पाजून बरणी भरून घ्यायची. ते दात काढताना चिमट्यात किती पिळले गेले होते, किती वेळ ट्रेमध्ये कोरडे पडले होते, पेशंट पंचविशीतला होता की सत्तरीतला, यातलं काहीही बरणीवर लिहिलेलं नसायचं. सत्तरीतल्या माणसाचा दात सुपारी फोडून आधीच तडकलेला असू शकतो, त्याचीही नोंद कुठे नाही.

त्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. आमच्या कॉलेजात तो नव्हता, विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जायला लागायचं. तिथले ऑपरेटर काका एरवी धातूंचे आणि पावडरीचे नमुने बघणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी ओली डबी परत केली. “मॅडम, पूर्ण वाळवून आणा. आत व्हॅक्यूम असतो. ओलं ठेवलं तर मशिन बंद पडंल माझं.” त्यांचं बरोबरच होतं. नमुना अल्कोहोलमधून टप्प्याटप्प्याने कोरडा करायचा, त्यावर सोन्याचा अतिपातळ थर द्यायचा, मग निर्वात पोकळीत ठेवायचा. डेंटिनमध्ये बरंच पाणी असतं. ते असं ओढून घेतल्यावर डेंटिन आकसतं, आणि आकसताना तडकतं. माझ्या कंट्रोल गटात, म्हणजे ज्या मुळांना अल्ट्रासॉनिकचा स्पर्शही झाला नव्हता त्यांच्यात, पडद्यावर छान ठळक चिरा दिसत होत्या. एखादा नमुना दुसऱ्यांदा आत ठेवावा लागला तर तीच चीर आधीपेक्षा रुंद दिसायची. काका म्हणायचे, “ही चीर तुमची की माझी?” ते विनोदाने म्हणायचे, पण थिसिसच्या चर्चा-प्रकरणात मी जे चार पानांत लिहिलं ते मुळात एवढंच होतं.

या अडचणीवर उपाय आहे आणि तो फार हुशार आहे. दात मायक्रोस्कोपपर्यंत न्यायचाच नाही. कापलेल्या मुळाचा रबरासारख्या सिलिकॉनने ठसा घ्यायचा, कॅपसाठी घेतो तसाच, फक्त अतिसूक्ष्म. त्या ठशात रेझिन ओतून प्रतिकृती करायची आणि ती वाळवायची, सोन्याने मढवायची, निर्वातात ठेवायची. रेझिनमध्ये पाणीच नाही, त्यामुळे वाळून तडकायचा प्रश्न नाही. प्रतिकृतीवर चीर दिसली तर ती मूळ दातावर होती.

टोरांटोच्या कॅल्झोनेटी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली हे मृतदेहांवर केलं, दात जबड्यातच ठेवून. दात हाडात होता, त्याभोवतीचं लिगामेंट होतं, चिमटा लागलेला नव्हता. त्यांना चिरा सापडल्या नाहीत. १९९९ साली मॉर्गन आणि मार्शल यांनी पुढची पायरी गाठली, प्रत्यक्ष पेशंटवरच्या शस्त्रक्रियेत ठसे घेतले. तिथेही चिरा जवळजवळ नव्हत्याच. हा मार्शल १९९६च्या लेटनच्या अभ्यासातही होता, ही गोष्ट मला फार आवडते. ज्या गटाने प्रयोगशाळेत चिरा दाखवल्या त्यातलाच माणूस पेशंटच्या तोंडात जाऊन बघतो आणि नाहीत म्हणून लिहितो.

फरक का पडतो, याचं सरळ उत्तर लिगामेंट. मूळ हाडात काँक्रीटमध्ये रोवल्यासारखं घट्ट नसतं, मध्ये धाग्यांची पातळ गादी असते, ती ठोक्यांचा काही भाग खाते. आणि दात ओला असतो. प्रयोगशाळेत आपण दात ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात घट्ट बसवतो, मग त्यावर हजारोंनी ठोके मारतो आणि निष्कर्ष काढतो जिवंत माणसाबद्दल.

पुढे मायक्रो-सीटी आलं, ज्यात दात न कापता, न वाळवता आतपर्यंत बघता येतो. ब्राझीलच्या डे-देउस आणि सहकाऱ्यांनी रूट कॅनलच्या फायलींवर, म्हणजे कॅनल आतून खरवडणाऱ्या बारीक हत्यारांवर, असलेला असाच जुना आरोप त्याने तपासला, तेच दात उपचाराआधी आणि नंतर बघून. नंतर ज्या चिरा दिसल्या त्या आधीच्या चित्रातही होत्या. तो अभ्यास फायलींचा, अल्ट्रासॉनिकचा नाही, पण धडा मला तोच वाटतो. ‘त्यानंतर’ची चीर बघून ‘त्यामुळे’ची चीर म्हणायची घाई करू नये.

इथे कुणीतरी म्हणेल, म्हणजे चिरांची काळजीच सोडा! तसंही नाही. चीर कुणी का पाडलेली असेना, ती तिथे असणं वाईटच. २०१५ साली ताविल आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत मुळाच्या कापलेल्या टोकावर प्रकाश टाकून, मायक्रोस्कोपखाली चिरा आहेत का ते नोंदवलं आणि पेशंटना पुढे तीन वर्षं बघितलं. चिरा नसलेली मुळं जवळजवळ सगळी बरी झाली. चिरा असलेल्यांचा निकाल काळाबरोबर घसरत गेला, तीन वर्षांनी तर फारच. त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी मी चीर शोधते ती यंत्राला दोष द्यायला नाही, पेशंटला पुढचं खरं सांगता यावं म्हणून.

माझी पद्धत अशी. टोक कापून झालं की अल्ट्रासॉनिक हातात घेण्याआधी १ टक्का मेथिलीन ब्लू लावायचं, धुवायचं, कोरडं करायचं आणि मायक्रोस्कोप १६ ते २४ पटींवर नेऊन पूर्ण कड फिरून बघायची. कॅनल निळा दिसतो, इस्थमस असेल तर निळी रेघ दिसते, मुळाभोवती लिगामेंटची अखंड निळी किनार दिसते. त्याखेरीज कुठे निळी रेघ असेल तर ती चीर, आणि ती माझ्या अल्ट्रासॉनिकच्या आधीची. हे फोटो काढून ठेवते. खड्डा झाल्यावर पुन्हा रंग, पुन्हा फोटो. मेथिलीन ब्लू भांड्यांना, एप्रनला, माझ्या नखांना लागतं आणि दोन दिवस जात नाही, पण याला पर्याय मला मिळालेला नाही. रंगाने शंका राहिलीच तर बारीक एलईडी बाजूने लावायचा. चिरेपाशी प्रकाश अडतो, पलीकडचा भाग काळवंडतो.

या आधी-नंतरच्या फोटोंनी माझं स्वतःचं मत पक्कं केलं. दुसऱ्या फोटोत जी चीर असते ती बहुतेक वेळा पहिल्यातही असते. आणि जिथे आधीच चीर असते ते दात सहसा कुठले? जाड पोस्टवाले, दोनदा-तीनदा रूट कॅनल झालेले, कॅनल आतून भरपूर रुंद केलेले. म्हणजे मुळाचं नुकसान माझ्याकडे येण्याआधीच झालेलं असतं. वरून डेंटिन जितकं जास्त खरवडलं, तितकी खालची भिंत पातळ.

यंत्राच्या आकड्यांबद्दल ज्युनिअर्सचे फोन येतात, “मॅडम, कितीवर ठेवू?” एका कंपनीचा ५ आणि दुसऱ्या कंपनीचा ५ यांचा एकमेकांशी संबंध नसतो. बहुतेक पिझो यंत्रांत तो आकडा वारंवारितेचा नसतोच, टोक किती लांब हलतं याचा असतो. आणि स्केलिंगची स्वस्त यंत्रं या कामाला लावायची असतील तर त्यांची सगळ्यात खालची पायरीसुद्धा एखाद्या नाजूक टोकाला जास्त होऊ शकते. टोकाबरोबर जो कागद येतो त्यावर मर्यादा छापलेली असते, तो कागद आपण पाकीट फाडताना फेकतो. तो ठेवावा. सर्वांत खालून सुरू करावं, कापत असेल तर वाढवू नये. पंखाने स्पर्श करावा इतका हलका हात, पुढेमागे, आणि सलग न चालवता थांबत थांबत.

टोकाचा प्रकार हा आणखी एक वाद. साधं स्टीलचं टोक हळू कापतं. हिऱ्याचा थर दिलेलं टोक भराभर कापतं, म्हणजे मुळाशी संपर्काचा वेळ कमी, म्हणून ते बरं असं एक म्हणणं. दुसरं म्हणणं की ते इतकं भराभर कापतं की पातळ भिंत कधी संपली ते कळत नाही, आणि पृष्ठभागही खरखरीत राहतो. मी जाड मुळाला हिऱ्याचं घेते. खालच्या पुढच्या दातांना नाही. ही मुळं बाजूने इतकी चपटी असतात की कॅनलच्या दोन्हीकडे डेंटिन जेमतेम उरतं. तिथे टोक सगळ्यांत बारीक, आणि माझा जीव मुठीत.

एक गोष्ट नेहमी चिरेत मिसळली जाते ती म्हणजे खड्ड्याच्या काठाचे टवके. टवका म्हणजे चीर नव्हे. तो वरवरचा असतो, एमटीए भरताना झाकला जातो, फार तर बारीक बरने काठ साफ करून घ्यावा. ग्रुपवर दर वर्षी निदान एक फोटो असा असतो ज्यात टवक्याला चीर म्हटलेलं असतं.

आता ‘बरच बरा’ म्हणणाऱ्यांना एक थेट पुरावा. सेट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अनेक अभ्यास एकत्र केले, जुन्या पद्धतीचं यश सुमारे ५९ टक्के, नव्या मायक्रोसर्जरीचं सुमारे ९४. हा आकडा सगळे भाषणांत दाखवतात, पण तो पुरावा म्हणून मी इथे वापरणार नाही, कारण नव्या पद्धतीत मायक्रोस्कोप, नवं सिमेंट, छोटी खिडकी हे सगळंच एकत्र आहे. अल्ट्रासॉनिकचा वाटा किती हे त्यातून कळत नाही. त्याहून उपयोगाचा अभ्यास नेदरलँड्समधला, डे लांगे आणि सहकाऱ्यांचा, २००७चा. चिठ्ठ्या टाकल्यासारखं पेशंटना दोन गटांत वाटलं, एका गटात खड्डा बरने, दुसऱ्यात अल्ट्रासॉनिकने. वर्षभराने बरचं यश ७०.९ टक्के, अल्ट्रासॉनिकचं ८०.५. संख्याशास्त्राच्या कसोटीवर एकूण फरक थोडक्यात अडला, पण दिशा कुठली आहे ते दिसतं. ठोकणाऱ्या टोकाने मुळं खरोखरच तडकत असती आणि त्याचा पेशंटला त्रास होत असता, तर हा आकडा उलटा यायला हवा होता.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं, ‘फोटोतला दात तोंडातला की बरणीतला?’ अजून उत्तर आलेलं नाही. त्यानंतर दोन वाढदिवस होऊन गेले.

माझ्या संमतीपत्रात मात्र या सगळ्या वाचनानंतर एक वाक्य वाढवलंय : ‘शस्त्रक्रियेदरम्यान मुळाला चीर आढळल्यास त्याच वेळी किंवा नंतर दात काढावा लागू शकतो.’ आधी हे मी नुसतं तोंडी सांगायची. आता त्या ओळीवर बोट ठेवून, पेशंटच्या घरचं माणूस शेजारी असताना वाचून दाखवते. तासगावच्या काकांच्या सुनबाईंनी ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “हे ठीक आहे, पण टाके कधी काढायचे? बागेत माणसं लावलीत.” चौथ्या दिवशी, मी म्हटलं. तोपर्यंत भाकरी पुढच्या दातांनी तोडायची नाही आणि ओठ वर करून आरशात बघायचं नाही.